बैलाच्या नाकातील जखम व वेसणीची निगा

गोऱ्ह्यास कामास लावण्यापूर्वी वेसण घालण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु नाक टोचले म्हणजे काम संपले, असे समजून पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी वेसणीस कासरा बांधण्यात येतो. पुढे बैलाचे नाक चिघळते, क्वचित फाटते, त्याचे मूळ बहुधा ह्या घाईत असते. म्हणून नाकातील जखम कशी भरून येते, हे शेतकरी बंधूंनी प्रथम समजून घ्यावे.

जखम कशी भरते?

दोन नाकपुड्यांच्या मध्ये पडदा असतो. त्याचा मागील भाग कूर्चेचा, म्हणजे नरम हाडाचा असून पुढील कडेचा थोडा भाग मऊ असतो. कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण तिच्यावरील अस्तरातूनच होते. दोन्ही अंगांचे अस्तर एकाच जागी दुखावले, तर मधली कूर्चा मरते व जखम रेंगाळते. ह्याकरिता भोक पुढच्या मऊ भागातच पाडले पाहिजे.

टोचल्यावर प्रथम रक्त गोठते व काही दिवस सूज राहते. नंतर जखमेत लाल, दाणेदार मांस येते. कडेच्या त्वचेतील सूक्ष्म पेशी त्यावर सरकत येऊन भोकाच्या आतल्या बाजूस नवे अस्तर तयार करतात. मुलांचे कान टोचल्यावर असेच घडते. हे नवे अस्तर प्रारंभी अत्यंत नाजूक असते. दोरीच्या एका हिसक्यासरशी ते सोलून निघते व झालेले काम वाया जाते.

निगा कशी राखावी?

१. नाक पशुवैद्याकडून, जागा बधिर करवून व उकळलेल्या हत्याराने टोचून घ्यावे. माश्या कमी असलेला हिवाळा ह्या कामास सोयीचा.

२. वेसण मऊ, गुळगुळीत सुताची असावी. नायलॉनची दोरी कातडी कापते.

३. निदान ३ आठवडे व जखम पुरती कोरडी होईपर्यंत वेसणीस कासरा अगर दावे बांधू नये. तोपर्यंत जनावर म्होरकीने धरावे.

४. एक लिटर पाणी उकळून, त्यात ९ ग्रॅम मीठ घालून कोमट करावे व त्याने जखम रोज धुवावी. राख, चुना, रॉकेल किंवा फिनेल कदापि लावू नये. त्यांनी नव्या पेशी जळतात.

५. दुर्गंधी, पू, वाढती सूज किंवा अळ्या दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

नाक फाटल्यास

ताजी जखम स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे व विलंब न लावता पशुवैद्यास दाखवावे. ताज्या जखमेस टाके घालता येतात. शिळ्या जखमेत ते टिकणे कठीण. फाटलेल्या जागेच्या वर, कूर्चेत, दुसरे भोक पाडू नये. असा बैल म्होरकीवरच वागवावा.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने वेसण घालण्यास मुभा दिली आहे, ती विहित रीतीनेच, हे ध्यानी असावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच गावातील गोऱ्ह्यांची नाके पाहून ठेवावीत. ज्यांच्या जखमा ओल्या आहेत, त्यांना औतास जुंपण्याची घाई करू नये, असे मालकांस समजावून सांगावे. तीन आठवड्यांचा धीर धरल्यास बैल पुढे कित्येक वर्षे निर्वेध काम देतो.