लढाईतली झोप

आपण दिवसभर शेतात राबतो. रात्री घोंगडी अंगावर ओढली, की डोळा लागतो. पण लढाईवरच्या शिपायाला झोप कुठे मिळायची? चला, आज आपण ते पाहू.

१९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध पेटले. ते १९१८ पर्यंत चालले. फ्रान्स आणि बेल्जियम या देशांत दोन्ही फौजांनी लांबच लांब खंदक खणले. १९१४ च्या सप्टेंबरात आपल्या देशाची फौजही इंग्रजांच्या बाजूने तिथे गेली. पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर जवान तीत होते.

खंदकात रात्र म्हणजे कामाची वेळ. अंधारात शत्रूला दिसत नाही. म्हणून माती काढणे, काटेरी तार बांधणे, शिधा आणणे ही कामे रात्रीच चालत. पहारा बहुधा दोन-दोन तासांचा असे. पहाऱ्यावर डोळा लागला, तर देहान्ताची शिक्षा होऊ शके. झुंजुमुंजू होण्याआधी सगळेच बंदुका घेऊन उभे राहत. कारण हल्ला बहुधा त्याच वेळी येई. मग दिवसा, जमेल तेव्हा, थोडी झोप.

झोपायचे कुठे? इंग्रज शिपाई खंदकाच्या भिंतीत कोनाडा कोरत. त्यात अंग मुडपून पडत. जर्मनांनी काही ठिकाणी ३० फूट खोल तळघरे खणली होती. १९१६ साली सोम नदीकाठी इंग्रजांनी त्यांच्यावर आठवडाभर तोफा डागल्या. तरी तळघरांतले पुष्कळ जर्मन वाचले!

काही दिवसांनी पाळी बदले. मग शिपाई मागच्या गावात जात. तिथे कोठारात, पेंढ्यावर, पाय पसरून झोप मिळे.

खंदकात उवा चावत, उंदीर अंगावरून धावत. पण मोठा वैरी म्हणजे गार पाणी. ओले बूट दिवसेंदिवस पायांत राहत. पाय सुजत, बधिर होत, सडत. काहींचे पाय कापावे लागले.

उपाय साधाच निघाला. रोज बूट काढायचे. पाय पुसून तेलाने चोळायचे. कोरडे मोजे घालायचे. शिपायांच्या जोड्या लावल्या. एकाने दुसऱ्याचे पाय चोळायचे. असे केल्यावर हे दुखणे पुष्कळ कमी झाले.

भातलावणीत आपल्याही पायांना चिखल्या होतात. म्हणून आम्ही सांगतो, निजण्यापूर्वी पाय धुवा. बोटांच्या बेचक्या नीट पुसून कोरड्या करा. मग खुशाल झोपा.

प्रश्न
१. खंदकातली कामे रात्री का करीत?
२. शिपायांचे पाय कशाने सडत? त्यावर कोणता उपाय केला?
३. तुमच्या गावात कोणी फौजेत होते का? ते कुठे निजत, हे त्यांना विचारा.