फणसाड : किनाऱ्यालगतचा वनवारसा आणि त्याचे राखणदार

रायगड जिल्ह्यातील काशिदच्या किनाऱ्यावर दर शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी उसळते. मात्र याच किनाऱ्यामागील डोंगररांगेत एक ऐतिहासिक अरण्य आहे, याची कल्पना त्यांपैकी थोड्यांनाच असते. मुरूड आणि रोहा परिसरातील हे जंगल म्हणजे फणसाड अभयारण्य होय. हे वन आजवर कसे टिकले आणि पुढे कसे टिकेल, हे दोन्ही प्रश्न अभ्यासकाने व पर्यटकानेही समजून घेण्याजोगे आहेत.

शिकारीच्या रानापासून अभयारण्यापर्यंत

संस्थानी काळात हे जंगल जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचे राखीव शिकारक्षेत्र होते. सामान्य माणसाला मज्जाव असल्यामुळे आसपासच्या टेकड्या उघड्या पडत असतानाही येथील वृक्षराजी बचावली. राखणीचा हेतू शिकारीचा होता. तथापि तिचा लाभ वनाला झाला. याच परिसरातील गारंबी येथे नबाबी राजवटीत धरण बांधून मुरूड शहरासाठी पाणी घेण्यात आले. डोंगरावरील झाडी आणि गावातील पाणी यांचे नाते तेव्हाही ओळखले गेले होते, याची ही साक्ष आहे. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये या वनास अभयारण्याचा दर्जा मिळाला.

पाण्याची गाण

कोकणात पाऊस विपुल पडतो, परंतु उतारावरून तो त्वरेने समुद्राला मिळतो. जेथे दाट झाडी व पालापाचोळ्याचा थर आहे, तेथेच पाणी जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात झऱ्यांच्या रूपाने पुन्हा प्रकट होते. फणसाडमधील अशा पाणस्थळांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात. सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या हे सारे वैशाखात याच पाण्यावर येतात. म्हणूनच बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्याजवळ मचाणावर बसून वन्यप्राण्यांची नोंद घेण्याची पद्धत वनविभागात रूढ झाली.

पाऊलवाटेवरील निरीक्षण

सुपेगावच्या बाजूने अभयारण्यात जाणाऱ्या वाटांवर पहाटे स्थानिक वाटाड्यासोबत चालावे. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांच्या छायेत गारंबीचे अजस्र वेल झाडांवर चढलेले दिसतात. त्यांची शेंग एक मीटरहून अधिक लांब असू शकते. वर पाहिल्यास महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेप घेताना दिसण्याचा संभव असतो. शेकरू क्वचितच जमिनीवर उतरतो. झाडांचे शेंडे परस्परांना भिडलेले असणे ही त्याच्या दृष्टीने वाटच असते. एक मोठा वृक्ष पडला तरी ही वाट तुटते.

दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यात असंख्य झाडे उन्मळून पडली. पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच वृक्षांवर घरटी करतात. त्यामुळे अशी झाडे पडणे म्हणजे त्यांचा निवारा हरपणे होय. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे गिधाडांची संख्या देशभर आधीच घटली होती. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. फणसाडमध्ये वनविभागाने गिधाडांसाठी सुरक्षित खाद्याची सोय करण्याचा उपक्रमही हाती घेतला.

राखण कोणाच्या हाती?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात पर्यटन, अभ्यास वा छायाचित्रणासाठी परवानगी घ्यावी लागते. त्याच कायद्यात अभयारण्यातील लोकांचे काही हक्क चालू ठेवण्याचीही तरतूद आहे. या बाबतीत अभयारण्य हे राष्ट्रीय उद्यानाहून वेगळे आहे. नबाबाने माणसांना बाहेर ठेवून वन राखले. लोकशाहीत तो मार्ग न्याय्य नाही, आणि केवळ पहाऱ्यावर विसंबून वणवा व चोरटी तोड रोखणे व्यवहार्यही नाही. वणव्याचा धूर सर्वप्रथम दिसतो तो पायथ्याच्या वाडीतील माणसाला. त्या माणसाला जंगलापासून सन्मानाचे उत्पन्न मिळत असेल, तरच तो धावून जाईल.

किनाऱ्यावर येणाऱ्या पैशाचा काही अंश वाटाडे, घरगुती निवास व भोजनाची सोय, मध किंवा कोकम यांच्या रूपाने सुपेगावसारख्या गावांत पोहोचला पाहिजे. पर्यटकांनीही मोजक्या संख्येने, आवाज न करता, प्लास्टिक मागे न ठेवता चालावे. गाणीजवळ थांबून पाणी ढवळू नये. एके काळी एका राजघराण्याच्या हौसेखातर राखलेले हे वन पुढील पिढीस जसेच्या तसे सोपवायचे असेल, तर त्याची राखण गावकऱ्यांच्या हिताशी जोडणे हाच शाश्वत मार्ग ठरेल.