अ‍ॅम्प्लिफायर बदलला की आवाज का बदलतो?



आमच्या शाळेला एका पालकांनी त्यांच्या घरचे दोन स्पीकर दिले. मागे लिहिलेलं होतं 8 ओहम. शाळेच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर लावले तर परिपाठाचं गीत नुसतं घुमायचं, शब्द कळेनात. दुसऱ्या पालकांनी स्वतःचा छोटा ब्लूटूथ अ‍ॅम्प्लिफायर आणून लावला, आणि आवाज एकदम मोकळा! झालं, लोकवर्गणीतून नवीन अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं जवळजवळ ठरलं. मी म्हटलं, दोन दिवस थांबूया.

आधी एक घरातलं उदाहरण बघा. गावाकडे पाण्याची मोटर सुरू केली की घरातला बल्ब मंदावतो. का? मोटर जास्त करंट ओढते, आणि खांबापासून घरापर्यंतच्या वायरचा रोध त्यातला थोडा व्होल्टेज खाऊन टाकतो. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचं नातं अगदी असंच आहे.

स्पीकरवर 8 ओहम लिहिलेलं असतं, पण तो एकच आकडा खरा नसतो. स्पीकरचा विद्युत अडथळा सुरागणिक बदलतो. मल्टीमीटर लावलात तर बहुतेक वेळा 6 ओहमच्या आसपास दिसेल. तोच अडथळा खालच्या, ढोलकीसारख्या काही सुरांना 30 ओहमपर्यंतही चढू शकतो. (सातवीच्या मुलांकडून मल्टीमीटरचं मोजमाप जरूर करून घ्या. फक्त स्पीकरच्या वायरी सोडवून.)

आता अ‍ॅम्प्लिफायर आणि वायर यांचा मिळून रोध 1.5 ओहम धरू. स्पीकर 6 ओहमचा असेल त्या सुराला 7.5 पैकी 6, म्हणजे 80 टक्के व्होल्टेज मिळतं. जिथे तो 30 ओहमचा होतो तिथे 31.5 पैकी 30, म्हणजे 95 टक्के. म्हणजे तो खालचा सूर बाकीच्यांपेक्षा उचलला गेला, आणि आवाज घुमला. हाच रोध 0.1 ओहम असेल तर आकडे येतात 98 आणि 99.7 टक्के. फरक कानाला कळतही नाही. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा आतला रोध इतका कमीच असतो. काही व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र तो एक-दोन ओहम असतो, म्हणून तेच यंत्र एका घरी गोड वाटतं आणि दुसऱ्या घरच्या स्पीकरवर बदबदतं.

मग आमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर वाईट होता का? तो होता ऑफिसात, स्पीकर हॉलमध्ये. मध्ये 20 मीटर लांब, अर्ध्या स्क्वेअर एमएमची बारीक वायर. जाऊन-येऊन 40 मीटर तांबं, रोध साधारण 1.4 ओहम! आणि नवा अ‍ॅम्प्लिफायर मात्र आम्ही स्पीकरशेजारीच ठेवून ऐकला होता.

जुना उचलून हॉलमध्ये आणला. दोन्हींचा आवाज मोबाईलमधल्या ध्वनिमापक अ‍ॅपवर सारखा केला. हे महत्त्वाचं आहे हं, कारण जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला ‘मोठा’ नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानात हीच गंमत होते. मग मुलांना पाठमोरं बसवलं आणि आळीपाळीने गीत लावलं. कोणता कुठला, हे मुलांना नीट सांगता येईना. आम्हा शिक्षकांनाही नाही!

तरी सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच, असं समजू नका. ताकद कमी पडली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज बराच वेळ वाजवला तर आतला छोटा ट्विटर जळू शकतो. दोन 8 ओहमचे स्पीकर एकाच आउटपुटला समांतर जोडले की 4 ओहम होतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे किमान किती चालेल ते वाचूनच जोडा. आणि शाळेच्या पी.ए. अ‍ॅम्प्लिफायरला 100 व्होल्ट लाइनचे टर्मिनल असतील तर घरचे स्पीकर तिथे अजिबात लावू नका.

आमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आता हॉलमध्ये, एका लाकडी कपाटात असतो. वर्गणीतून आम्ही फक्त तीन मीटर जाड वायर घेतली. उरलेल्या पैशांत वाचनालयाचं कपाट घ्यायचं की माईक, यावर आमची चर्चा अजून चालू आहे.