चित्र लहान होते तेव्हा काय गळते?

पूर्ण झालेल्या कामाचे छायाचित्र, ग्रामसभेच्या ठरावाची स्कॅन केलेली प्रत अथवा वर्गात दाखवावयाची चित्रफीत मोबाइलवरून पाठविणे हा आता शासकीय व शैक्षणिक व्यवहाराचा नित्याचा भाग झाला आहे. चित्र क्षणात पोहोचते. परंतु निघालेले चित्र आणि पोहोचलेले चित्र तंतोतंत एकच असेल असे नाही. पाठविण्यापूर्वी ते बहुधा आकाराने लहान केले जाते. ही क्रिया कशी घडते, हे अभिलेख सांभाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

चित्राचे अंक

संगणकाला केवळ अंक कळतात. म्हणून चित्राची बारीक चौकोनांत विभागणी करून प्रत्येक चौकोनाची उजळता अंकाने नोंदविली जाते. या चौकोनास पिक्सेल अथवा चित्रबिंदू म्हणतात. १९५७ साली अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र अशा रीतीने संगणकात उतरविले. त्यात १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ बिंदू होते.

रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांचे प्रमाण प्रत्येकी एका बाइटमध्ये नोंदविण्याची पद्धत आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका चित्रास त्यामुळे ६२,२०,८०० बाइट लागतात. चित्रफितीत सेकंदाला अशी २५ चित्रे धरली, तर एका मिनिटाची नोंद ९३३ कोटी बाइटच्या घरात जाते. एवढा भार जसाच्या तसा वाहून नेणे सामान्य जोडणीच्या आवाक्याबाहेरचे आहे. संक्षेपणाची गरज येथे उत्पन्न होते.

घडी आणि पाखडणी

संक्षेपणाचे मार्ग दोन. पहिला वस्त्राची घडी घालण्यासारखा. कोऱ्या कागदाच्या एका ओळीत हजार पांढरे बिंदू असतील, तर ‘पांढरा’ हे हजार वेळा न लिहिता ‘पांढरा, हजार वेळा’ एवढेच नोंदविले जाते. घडी उलगडली की मूळ नोंद पूर्ववत मिळते.

दुसरा मार्ग पाखडण्याचा. मानवी डोळ्याला उजेडातील फरक बारकाईने जाणवतो, रंगातील फरक तितकासा नाही. म्हणून रंगाचा पुष्कळसा तपशील वगळता येतो. बंगळूरु येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली एक गणिती रीत प्रसिद्ध केली. चित्रातील ठळक बदल आणि सूक्ष्म बदल यांची तीमुळे वेगवेगळी मांडणी होते. १९९२ च्या जेपेग पद्धतीत चित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे तुकडे करून, या रीतीच्या आधारे सूक्ष्म बदल कमी अचूकतेने नोंदविले जातात. आकार पुष्कळच घटतो. मात्र जे पाखडले गेले, ते परत मिळत नाही. तेच चित्र वारंवार बदलून जतन केल्यास हानी वाढत जाते.

चित्रफितीचा प्रवास

चित्रफितीत एका चित्रानंतरचे दुसरे चित्र बहुतांशी तेच असते. शिक्षक फळ्यावर लिहीत असता फळा व भिंत बदलत नाहीत, हात हलतो. म्हणून अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मधल्या काळात केवळ झालेले बदल पाठविले जातात. हा मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागून रवाना होतो. एखादे पुडके वाटेत हरवले, तर पुढील पूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर चौकोनी ठिगळे दिसू शकतात.

अंक बदलले तर?

छायाचित्रातील किंचित धूसरपणा सोसता येतो. दस्तऐवजातील अंकाचे तसे नाही. २०१३ साली जर्मनीत उघड झालेला प्रकार बोधप्रद आहे. इमारतीच्या आराखड्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, १७.४२ व २१.११ चौरस मीटर अशी होती. प्रत काढणाऱ्या यंत्रातून निघालेल्या प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ हाच आकडा छापला गेला. सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा वापरणे, ही त्या यंत्रातील संक्षेपणाची रीत होती. छपाई स्वच्छ होती. संशय यावा असे त्या प्रतीत काहीच दिसत नव्हते. सातबाराच्या उताऱ्यावरील क्षेत्राच्या आकड्यास असे झाले, तर काय अनर्थ ओढवेल हे सांगावयास नको.

यास्तव काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मूळ कागद व पहिली स्कॅन प्रत जपून ठेवावी. पाठविण्यासाठी वेगळी, लहान प्रत करावी. कायमच्या अभिलेखासाठी घडीसारखी, हानी न करणारी पद्धत निवडावी. संदेशसेवेतून कागद पाठविताना ‘फोटो’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय घ्यावा. आणि स्कॅन केलेल्या प्रतीतील आकडे मूळ कागदाशी ताडून पाहिल्यावाचून तिच्यावर सही करू नये.