बरणीतील मासा : एक अस्सल साधन

इतिहासाच्या तासाला आम्हांला 'अस्सल साधन' आणि 'दुय्यम साधन' यांतील फरक शिकविला जातो. समकालीन पत्र, हिशेबाचा कागद, शिलालेख ही अस्सल साधने. अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवलेला मासाही याच यादीत बसतो, असे मी म्हटले तर वर्गमित्र हसतील. म्हणून अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात घडलेली हकीकत येथे देतो.

तेथील डोंगरी ओढ्यांत कटथ्रोट ट्राउट नावाचे मासे असतात. त्यांपैकी 'ग्रीनबॅक', म्हणजे हिरव्या पाठीचा, हा प्रकार १९३७ साली नामशेष झाला असे मानले गेले. १९५७ मध्ये तो पुन्हा सापडला असे वाटले. मग त्याची पैदास करून पिले ओढ्याओढ्यांत सोडण्यात आली. परंतु २००७ साली डीएनएची तपासणी झाली तेव्हा त्यांतील बरेच मासे भलत्याच प्रकारचे निघाले. कित्येक वर्षांचे श्रम चुकीच्या माशावर खर्च झाले होते!

मग खरा ग्रीनबॅक कोणता? जिवंत मासे याचे उत्तर देऊ शकत नव्हते. कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माणसांनीच एका नदीचे मासे दुसऱ्या नदीत नेऊन सोडले होते. तेव्हा कोलोरॅडो विद्यापीठाचे संशोधक स्मिथसोनियन, हार्वर्ड आदी संग्रहालयांतील बरण्यांकडे वळले. त्यांत १८५७ ते १८८९ या काळात पकडलेले मासे होते. ते अल्कोहोलमध्ये ठेवलेले होते, हे सुदैव. नमुने टिकविण्यासाठी फॉर्मॅलिन वापरण्यास १८९३ च्या सुमारास सुरुवात झाली. त्याने मांस टिकते, पण डीएनए प्रथिनांशी जखडला जातो व वाचणे अवघड होते. अल्कोहोलमधील डीएनएचेही तुकडे झालेले होते. तरी ते जुळवून वाचता आले.

मात्र नुसता डीएनए पुरेसा नव्हता. मासा कोणत्या ओढ्यातला व कोणत्या सालचा, हे बरणीवरील चिठ्ठीने सांगितले. मासे कोठून कोठे नेले, हे जुन्या दप्तरांनी सांगितले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : खरा ग्रीनबॅक केवळ बेअर क्रीक या ओढ्यात, सुमारे चार मैलांच्या पट्ट्यात उरला आहे. तेही त्याचे मूळ घर नव्हे. ते साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यात. पुढे याच माशांपासून पैदास करण्यात आली, आणि हर्मन गल्च येथे सोडलेले मासे आपोआप वाढू लागल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले.

माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. पण बांधाचा वाद निघाला तेव्हा त्यांनी पत्र्याच्या पेटीतून आजोबांच्या वेळचा मोजणीचा नकाशा काढला, आणि वाद मिटला. न वाचता येणारा कागदही त्यांनी जपला होता. उलट, माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत एका बरणीत मासा होता, पण चिठ्ठीवरील शाई पुसून गेली होती. तो कोणत्या नदीचा, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मित्रहो, चिठ्ठी गेली की साधनाचा नुसता मासा उरतो.