पणजीचे नाव कोणत्या वहीत सापडेल?



पणजोबांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांना सांगता येते. पण पणजीचे नाव काय, तिचे माहेर कोणते, असे विचारले की आपण एकमेकांकडे पाहू लागतो. शेतीचे कागद बहुधा पुरुषांच्या नावावर असत आणि लग्नानंतर स्त्रीचे नाव पुष्कळदा बदलत असे. म्हणून तिचा शोध थोड्या वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो.

१) घरातील वडीलधारी माणसे : त्यांना जन्मसाल विचारू नये, आठवण विचारावी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीआधी की नंतर, अमक्याच्या लग्नाआधी की नंतर, असे विचारले की काळ आपोआप ठरतो.

२) कोतवाल बुक : विदर्भातील गावांचे जन्म-मृत्यू यात लिहिलेले असतात. तहसील कार्यालयात अर्ज करून नक्कल मागता येते. मात्र पुष्कळ ठिकाणी 'अमक्यास मुलगी झाली' एवढेच लिहिलेले असते, बाळाचे नाव नसते. म्हणून पणजीच्या वडिलांचे नाव आणि गाव आधी माहीत हवे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवू या. १९०५ पर्यंत पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात होता. त्यानंतर तो यवतमाळला जोडला गेला. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा वेगळा दिसला तर गोंधळून जाऊ नये.

३) शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर : यात पालकाचे नाव व जन्मतारीख मिळते. पण पूर्वी गुरुजी अंदाजाने जून-जुलैमधील तारीख लिहीत. दोन नोंदी जुळत नसतील, तर घटनेच्या जवळच्या काळात लिहिलेली नोंद अधिक भरवशाची मानावी.

४) बाप्तिस्म्याचे रजिस्टर : येथे मुलीचे स्वतःचे नाव, आईवडिलांची नावे आणि धर्ममाता-पिता यांची नावे असतात. धर्ममाता बरेचदा आत्या किंवा मावशी असते, म्हणून तेही नाव टिपून घ्यावे. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असू शकतात. योहानचा तेथे 'योआन्नेस' होतो. पुढे विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला, तर तेथून कळवले जाते आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी तो लिहिला जातो. म्हणजे एकाच ओळीत माहेर आणि सासर दोन्ही सापडू शकतात. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या दाखल्यांवर नागपूरचे नाव असू शकते. रजिस्टर चाळण्याचा हट्ट न धरता फादरांकडे उतारा मागावा.

शोधात काही अवघड गोष्टीही निघतील. कोणी सालदार होते, कोणी दुष्काळात गाव सोडले, कोणाचे दुसरे लग्न होते. त्या खोडू नयेत. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब आणि रूथ यांची नावे गाळली नाहीत.

कागद जीर्ण होतात, पण सांगणारी माणसे त्याहून लवकर जातात. म्हणून या आठवड्यात आपण एवढे करू या : घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला तिच्या आईचे नाव आणि माहेरचे गाव विचारू या. ते वहीत लिहून ठेवू या, आणि कोणी सांगितले व कोणत्या दिवशी, हेही खाली नोंदवू या.