राज्यशास्त्राची पदवी व विद्यापीठांतर

ठाण्यास राज्यशास्त्राचा अभ्यास आरंभून पुढें पुण्यास जाऊं इच्छिणाऱ्या कळव्याच्या मुलानें आधींच हिशेब मांडावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांन्वयें श्रेयांक, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाचें माप, पेढींत जमा होतात व फार तर सात वर्षें टिकतात. परंतु निदान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेंतच मिळवावे लागतात. अट न्याय्य खरी, पण जाचक! त्रैवार्षिक पदवीचे १२० श्रेयांक धरिले, तर दोन वर्षांचे ८० घेऊन जाणाऱ्याचे २० वायां जातात. चार वर्षांच्या १६० श्रेयांकी पदवीस मात्र ते सर्व चालूं शकतात. राज्यघटना व राजकीय सिद्धांत हे विषय बहुधा सर्वत्र असतात. ते प्रथम घ्यावे. कोणते श्रेयांक जमेस धरणार, हें पालकांनीं पुण्याहून लेखी मागवावें.